दुधाची हरकत

रुकय्या, तू मला उत्तर न देता गेलीस.

तुझी नसीम तान्ही असताना मी तिला अंगावर पाजलं नाही, हे मी तुला सांगितलं होतं. ते तुला खरं वाटलं की नाही? एवढंच मला हवं होतं. मी कधी विचारलं नाही, तू कधी बोलली नाहीस. पोरांचं लग्न झालं, आपण विहिणी झालो, सणावाराला एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवली, आणि हे मधे तसंच राहिलं. आता लोक मला म्हणतात, शेवंताबाई, तुम्ही रडला कशा नाहीत? कसं रडू? मला तुझा राग आलाय. राग उतरला की बघू.

विहिणी व्हायच्या आधी आपण शेजारणी. अंबरनाथच्या चाळीत तुझी खोली आणि माझी खोली, मधे एक भिंत. तुझ्याकडे फोडणी पडली की माझ्याकडे शिंका. दोघींचे नवरे एकाच कारखान्यात, एकाच पाळीला. तू महाडकडून आलीस तेव्हा दिवस भरत आले होते. पाणी भरताना तू तोंड उघडलंस आणि माझी सासू म्हणाली, "अगं बाई, ही तर आपल्यासारखीच बोलते!" तू हंडा खाली न ठेवता म्हणालीस, "मग कशी बोलू? तुम्हीच सांगा, तशी बोलते." सासूला उत्तर देणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. तेव्हाच ठरवलं, हिच्याशी जमवायचं.

नसीम झाली आणि तुला ताप भरला. तुला उल्हासनगरच्या इस्पितळात नेलं. नेताना तू पोरीला माझ्या हातात दिलंस आणि एक शब्द बोलली नाहीस. माझा धाकटा, महेश, तेव्हा रांगत होता. त्याला मी गाईचं दूध पाणी घालून बोंडल्याने पाजायची, कारण बाळंतपणानंतर मला टायफॉइड झाला आणि माझ्या अंगावरचं दूध आटलं. हे चाळीत कोणाला माहीत नव्हतं. सासूने दम दिला होता, "दूध आटलं म्हणून बोंबलायचं नाही. लोक नातवाला उपाशी म्हणतील." म्हणून मी महेशला पदराखाली घेऊन बोंडलं लावायची. वरचं दूध पिणारं मूल उघड्यावर पाजू नये, नजर लागते, हीही सासूचीच शिस्त. तुझ्या पोरीलाही मी तसंच पाजलं. उंबऱ्यात बसून, पदर ओढून.

चाळीने काय बघितलं? शेवंता उंबऱ्यात बसली आहे आणि रुकय्याची पोर तिच्या पदराखाली आहे. पदराच्या आत काय होतं ते कोणी बघितलं नाही. तू बरी होऊन आलीस, पोर तुझ्याकडे गेली, मी बोंडलं घासून फळीवर ठेवलं. संपलं. निदान मला तसं वाटलं.

पुढे चाळ पडली. मी बदलापूरला बेलवलीत आले, तू अंबरनाथलाच नव्या इमारतीत गेलीस. पोरं मात्र कॉलेजातून, नोकरीतून भेटतच राहिली. एक दिवस महेशने मला सांगितलं, नसीमने तुला सांगितलं, लग्न करायचंय. मी नको म्हणाले. तूही नको म्हणालीस. हे मी लपवत नाही, कोणी विचारलं तर आजही सांगते. मला माझ्या भावकीची भीती होती, तुला तुझ्या दिराची. पोरं पळून गेली असती तर चार शिव्या घालून मोकळ्या झालो असतो. पण पळाली नाहीत. थांबली. नसीम दर रविवारी तुझ्यासमोर बसायची आणि म्हणायची, "अम्मी, तू असशील तर करीन. नसशील तर नाही करणार, पण दुसऱ्याशीही नाही." अशा पोरीवर हात उगारता येत नाही, आणि तिला हाकलताही येत नाही. आधी तू वाकलीस. मग मी.

तेव्हा लोकांचं प्रेम उतू गेलं. माझ्याकडे गल्लीतली चार पोरं आली, कपाळावर मोठे टिळे. "काकू, काळजी करू नका. मुलीला आपल्यात घ्यायचं, देवळात एका दिवसात लग्न लावून देतो, खर्च आमचा." मी म्हटलं, "तिला लहानपणी मीच मांडीवर घेतली होती. तुम्ही अजून कुठे घेणार?" तुझ्याकडे तुझे थोरले दीर आले, गफूरभाई. म्हणाले, मुलाने कलमा पढावा, निकाह करून टाकू, बाहेर कोणाला कळायचंही नाही. दोघांचा सल्ला एकच होता. एकाने बदला, आणि पटकन उरका.

त्यांना तू काय म्हणालीस ते मला तोंडपाठ आहे. "जो मुलगा एका दिवसात देव बदलेल, तो माझ्या पोरीला किती दिवसांत बदलेल?" आणि मग माझ्याकडे वळून, नसीमकडे बोट दाखवत, "आणि हिला देवळात नेऊन दुसरं नाव द्याल तर ही मला अम्मी कुठल्या नावाने म्हणणार?" गफूरभाई उठून गेले. तू त्यांचा चहा त्यांच्यामागे दारापर्यंत नेलास. "घ्या, गरम आहे." तुझा टोमणा नेहमी चांगल्या वागण्यातून यायचा.

मग राहिला सरकारी कायदा. कोणी कोणाचा धर्म बदलायचा नाही, दोघांनी आपापला ठेवायचा, आणि तरी नवरा-बायको. मी चौथी शिकलेली. मला वाटलं होतं, असा कायदा असेल तर सरळ जायचं आणि सही करायची. तर नाही. आधी नोटीस. दोघांची नावं, पत्ते, वय, सगळं लिहून कचेरीतल्या फळ्यावर लावायचं आणि तीस दिवस थांबायचं, म्हणजे कोणाला हरकत असेल तर त्याने यावं.

त्या फळ्यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायची, "लावू दे. चोरी केलीय का?" तू म्हणायचीस, "चोरी केली नाही म्हणूनच लावायची नाही. तुझ्या मोठ्या मुलाचं लग्न बदलापूरच्या हॉलमध्ये झालं, तेव्हा कोणत्या फळ्यावर लावलं होतंस? भटजीने तीस दिवस वाट बघितली?" मी म्हटलं, पत्रिका वाटल्या होत्या की. तू म्हणालीस, "पत्रिका आपण ज्यांना बोलावतो त्यांना देतो, शेवंता. ही नोटीस ज्यांना बोलावत नाही त्यांच्यासाठी आहे." तेव्हा मी तुझं ऐकलं नाही. उगाच पडतं कशाला घेऊ? पण तुझं बरोबर होतं. नोटीस लागली आणि आठवड्याच्या आत तिचा फोटो माझ्या भाचीच्या मोबाइलवर आला, घराच्या पत्त्यासकट. कोणी काढला, कोणी पाठवला, देव जाणे.

माझे धाकटे दीर धावत आले. कुठल्या वकिलाकडून ऐकून आले होते. "वहिनी, या कायद्याने लग्न केलं की महेश एकत्र कुटुंबातून तुटतो. कायद्यातच लिहिलंय." मी विचारलं, "तुटतो म्हणजे हिस्सा बुडतो का?" ते इकडेतिकडे बघायला लागले. मी म्हटलं, "वकिलाने ते पण सांगितलं असेल. हिस्सा बुडत नाही. मग तुटू दे. तसाही तुम्ही त्याला कधी जोडून घेतला होता?" तुला हे सांगितलं तर तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

त्या तीस दिवसांतच आपण उल्हासनगरच्या बाजारात कापड घ्यायला गेलो. तू म्हणालीस, बसून राहिलं की डोकं फिरतं, चल. सिंधी दुकानदाराने साड्यांचा ढीग घातला. "बोलो बहनजी, कौनसी दूँ? दोनों सगी बहनें हो ना, एक जैसी ले लो." तू म्हणालीस, "सगी नाही हो, विहिणी होणार आहोत." तो मराठी समजायचा. हात थांबवून आपल्याकडे बघत राहिला. तुझा बुरखा, माझं कुंकू. मग म्हणाला, "तब तो अलग-अलग रंग ही लो. समधन एक रंग पहनेगी तो झगड़ा करेगी." आणि भाव कमी करायला मात्र तयार झाला नाही. तू हिरवी घेतलीस, मी जांभळी. माझा रंग तुला आवडला नाही, हे तू पुढे कैक वर्षं सांगत राहिलीस.

हरकत आली ती गफूरभाईंची.

आधी त्यांनी लिहिलं, मुलामुलीचा धर्म वेगळा. लग्न नोंदवणाऱ्या साहेबाने वाचून सांगितलं, "काका, धर्म वेगळा असणाऱ्यांसाठीच तर हा कायदा आहे. ही हरकत होत नाही." मग त्यांनी दुसरी काढली. ही दोघं दूधभाऊ-दूधबहीण आहेत, आणि तुमच्यात दुधाचं नातं रक्तासारखंच, लग्न चालत नाही. मुलाच्या आईने मुलीला अंगावर पाजलं आहे. चाळीतल्या बायका साक्षीला आहेत.

साहेबाने आपल्या सगळ्यांना बोलावलं. तू, मी, पोरं, गफूरभाई. खुर्च्या कमी होत्या, आपण दोघी बाकावर. साहेब तरुण होता, लाजला. पुस्तक काढून त्याने सांगितलं, कायदा काय काय बघतो. कोणाची आधीची बायको किंवा नवरा आहे का. वय भरलं आहे का. डोकं ठिकाणावर आहे का. जवळचं रक्ताचं नातं आहे का. कोणकोणती नाती चालत नाहीत त्याची यादी आहे, तिच्यात दूध नाही. "त्यामुळे ही हरकतही टिकत नाही," तो म्हणाला. मला वाटलं, झालं, उठा.

गफूरभाई उठले नाहीत. ते साहेबाशी बोललेच नाहीत, तुझ्याकडे वळले. "कायद्यात नसेल. तुझ्या दिलात आहे की नाही? चाळीतल्या चार बायकांनी डोळ्यांनी बघितलंय. तू नव्हतीस तिथे. तुला काय माहीत?"

रुकय्या, तुझा चेहरा मी तेव्हा बघितला. त्या दिवसापर्यंत तुझा असा चेहरा मी बघितला नव्हता. इस्पितळात नेतानाही नाही.

मी उठून उभी राहिले. भरल्या कचेरीत, तीन कारकून आणि दोन अनोळखी जोडपी बघत असताना म्हणाले, "माझ्या अंगावर दूधच नव्हतं. माझा स्वतःचा मुलगा बोंडल्यावर वाढलाय. पदराखाली बोंडलं होतं. अजून काय दाखवू?" महेश खाली बघत होता. एक कारकून चुळबुळला. माझ्या वयाच्या बाईने छातीतल्या दुधाविषयी परक्या पुरुषांसमोर बोलावं लागतं, म्हणजे हा कायदा किती सरळ आहे ते बघ. हॉलमधल्या लग्नात मला असं कोणी विचारलं नव्हतं.

बाहेर आलो. रसवंतीच्या बाकावर तू मला बसवलंस आणि पोरांना लांब पाठवलंस.

"खरं सांग," तू म्हणालीस.

"आत काय खोटं सांगितलं?"

"आत पोरांसाठी सांगितलंस. आता मला सांग." मग तू हळू आवाजात म्हणालीस, "शेवंता, धर्म वेगळा आहे, ते मी वर जाऊन माझ्या अल्लाला सांगीन. पोरगी शहाणी होती, तिने ठरवलं, मी आई होते, मी उभी राहिले. जे व्हायचं ते माझं होऊ दे. पण भाऊ-बहीण असतील तर ते मी कुठल्या तोंडाने सांगू? ते माझ्याने होणार नाही. मी सही करणार नाही. आणि मी नाही तर नसीम करणार नाही."

साक्षीदार तीन लागतात आणि कोणीही चालतात, तुझी सही कायद्याला नको होती. पण पोरीला तीच हवी होती. सगळं तिथेच अडलं होतं, त्या रसवंतीच्या बाकावर.

"माझ्या अंगावर दूध नव्हतं," मी म्हटलं.

"शपथ घे."

"नाही घेणार."

"का? खरं आहे तर का नाही?"

"तू पोर माझ्या हातात दिलीस तेव्हा शपथ घ्यायला लावली होतीस का? मी तिला जगवीन म्हणून? लावली नव्हतीस. मग आज लावायची नाही. माझ्या शब्दावर बसतं तर बसव. नाहीतर उठ."

तू उसाचा रस न पिता उठलीस. मी तुझा पण पिऊन टाकला, पैसे दिले होते. मग तुझ्या मागून चालत आले. स्टेशनपर्यंत, दहा पावलं मागे.

तीस दिवस संपले. मला माहीत नव्हतं तू येशील की नाही. पोरांनाही माहीत नव्हतं. नसीम कचेरीच्या पायरीवर उभी, तिचा हात महेशच्या हातात नव्हता, दोघं अंतर ठेवून, जशी दुसऱ्याच कोणाच्या लग्नाला आली आहेत. मग तू रिक्षातून उतरलीस. हिरवी साडी, वरून बुरखा. सरळ आत गेलीस, टेबलापाशी उभी राहिलीस आणि साहेबाला म्हणालीस, "कुठे करायची?" सही केलीस आणि पेन माझ्या हातात दिलंस. माझ्याकडे बघितलं नाहीस.

मग तू मानलंस म्हणून आलीस, की न मानता आलीस? मी शपथ न घेताही तुझ्या मनातला काटा निघाला होता, की तो तसाच घेऊन पोरीसाठी उभी राहिलीस? पुढे इतकी वर्षं तुझ्या शिरखुर्म्यात साखर जास्त आहे म्हणून मी बोलले, माझ्या पुरणात वेलची कमी आहे म्हणून तू बोललीस. मी तुला अहो-जाहो करावं, विहीण आहे, असा हट्ट तू धरलास आणि मी तो मोडला. हे मात्र कोणी बोललं नाही.

तुझ्या शेवटच्या दिवशी मी आले तेव्हा तू बोलण्यापलीकडे गेली होतीस. मी तुझ्या पायाला तेल चोळलं आणि गप्प बसले. तू मुकी असताना विचारणं म्हणजे फसवणूक झाली असती.

आता तू गेल्यानंतर काय झालं ते ऐक, कारण हे तुला कोणी नीट सांगणार नाही.

तुला आंघोळ घालायची वेळ झाली. पडदा बांधला, पाणी तापलं. नसीमने बाह्या वर केल्या. तेवढ्यात तुझी थोरली जाऊ म्हणाली, "तू नको. तुझा निकाह झालेला नाही. त्यात दुधाचा गुनाह. आईला त्या हातांनी नको." नसीम पडद्याशी थांबली. तिच्या हातात तुझा कंगवा होता. सात वर्षांच्या मुलीसारखी ती माझ्याकडे बघायला लागली, आणि मी तुझी कोण, तुमच्या घरात, तुमच्या मयतात?

तरी मी बोलले. "हिचं लग्न सरकारने लावलंय आणि हिच्या आईने सही केलीय. ती सही करताना हिच्या आईचे हात चालले, मग आज हिचे का चालत नाहीत?"

तुझी जाऊ म्हणाली, "सही केली, पण मनात घोर होता तिच्या. मला सांगितलं होतं तिने."

म्हणजे तिला सांगितलंस, रुकय्या. मला नाही.

आंघोळ घालणारी म्हातारी बाई आत होती, तुझ्या नात्यातली नव्हती, मशिदीकडून बोलावलेली. तिने पडदा बाजूला करून मलाच विचारलं, "तुम्हीच का त्या? तुम्ही पाजलं होतं का पोरीला?"

मी म्हटलं, "माझ्या अंगावर दूध नव्हतं. असतं तर पाजलं असतं. पोर भुकेने रडत होती, मी धर्म बघत बसले नसते. आणि पाजलं असतं तर आज इथे सगळ्यांसमोर सांगितलंही असतं."

तिने पडदा आणखी बाजूला सारला. मग नसीमला म्हणाली, "बेटी, आत ये. आईवर पहिला हक्क मुलीचा. बाकीचे बाहेर थांबा." आणि तुझ्या जावेला बाहेर काढून तिने पडदा ओढला.

मी बाहेर थांबले. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि नसीमचा, ती तुझ्याशी बोलत होती. नसीम बाहेर आली तेव्हा तिचे हात ओले होते आणि बोटं सुरकुतली होती. "आई," ती मला म्हणाली, "केसांच्या तीन वेण्या मी घातल्या. अम्मीचे केस अजून दाट होते."

आता माझं ऐक. तुझ्या मनात घोर होता असं तुझी जाऊ म्हणते. असेल. किंवा तीच खोटं बोलत असेल. मला आता उत्तर नको. घोर नसताना सही करायला काय लागतं? कोणीही करील. घोर घेऊन तू आलीस, रिक्षातून उतरलीस, आणि आधी विचारलंस, कुठे करायची.

आणि जे मी त्या म्हातारीला म्हणाले, असतं तर पाजलं असतं, ते मी तुला त्या बाकावर म्हणायला हवं होतं असं तुला वाटेल. मला नाही वाटत. तेव्हा म्हटलं असतं तर तू लगेच विचारलं असतंस, "आणि पाजलं असतंस, तरी लावलं असतंस का हे लग्न?" मी हो म्हटलं असतं. तू नाही म्हटलं असतंस. तिथे आपलं खरं भांडण झालं असतं, मोठं, वर्षभर पुरणारं. ते राहिलं, रुकय्या. त्याचंच मला वाईट वाटतं.